लोणकढी थापेला फुटलेले पंख

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावर सुंड्सवाल नावाचे गाव आहे. तिथल्या एका रेस्तराँमध्ये जेवण चालले होते आणि होकान डालमार्क नावाचा शिकारी आपल्या जुन्या पराक्रमांपैकी एक सांगत होता. १८७४ साली गावाच्या उत्तरेकडच्या जंगलात त्याने म्हणे एक भलतेच जनावर टिपले होते. तोंड, कान, पाय सगळे सशाचे. पण पाठीवर पिसे, दोन्ही बाजूंना पंख आणि मागे पसरलेली पक्ष्याची शेपटी. शिकार तीसेक वर्षांपूर्वीची, तेव्हा पुरावा मागणार कोण?

थाप उघड होती. समोरच्यांनाही ते कळत होते, आणि खरी गंमत तिथेच आहे. पंख असलेल्या या सशाचे नाव ‘स्क्वादर’. आजही तो सुंड्सवालच्या संग्रहालयात काचेमागे ऐटीत बसलेला आहे आणि गावाला त्याचा अभिमान आहे.

ही कथा या गावातच का रुजली, हे समजायला गावाकडे पाहावे लागते. सुंड्सवाल १६२१ साली वसले, पण ते श्रीमंत झाले एकोणिसाव्या शतकात, लाकडावर. स्वीडनमधली वाफेवर चालणारी पहिली लाकूड गिरणी १८४९ साली याच परिसरात, टुनाडालला सुरू झाली. नद्यांतून ओंडके वाहत खाली यायचे, किनाऱ्यावर त्यांच्या फळ्या व्हायच्या आणि जहाजात चढून त्या युरोपभर जायच्या. गिरणीमालकांचा पैसा वाढला तशी मजुरांची नाराजीही वाढली. १८७९ साली हजारो कामगार संपावर गेले आणि तो मोडायला सैन्य आणावे लागले. मग २५ जून १८८८ रोजी गाव पेटले. वाफेच्या एका बोटीतून उडालेल्या ठिणगीने आग लागली, असे सांगतात. सुमारे नऊ हजार माणसे बेघर झाली. लाकडावर गबर झालेले गाव लाकडाचेच असल्यामुळे जळून गेले आणि त्यानंतर दगडाविटांत उभे राहिले. आजही त्या भागाला ‘दगडी शहर’ म्हणतात.

अशा गावात जेवायला बसलेल्या माणसांना जंगल काय असते हे सांगावे लागत नव्हते. त्यांचे पोट जंगलावर होते. डालमार्कने आपली थाप ऐकवली ती असल्या जाणकारांना.

पुढचा प्रवास पाहिला की लक्षात येते, हा प्राणी एकट्याच्या डोक्यातून जन्मला नाही. एकाने फेकली, दुसऱ्याने झेलली, तिसऱ्याने तिला रंग दिला. १९०७ साली डालमार्कच्या वाढदिवसाला त्याच्या घर सांभाळणाऱ्या बाईंनी त्याची फिरकी घेतली. आपल्या नात्यातल्या एकाकडून त्यांनी त्या जनावराचे चित्र काढून घेतले आणि मालकाला भेट दिले. वर्षानुवर्षे तीच कथा ऐकून कान किटलेल्या बाईंनी काढलेला हा गोड वचपा असावा, असे वाटते. डालमार्कनेही तो खिलाडूपणे घेतला. १९१२ साली तो वारला. त्याच्या थोडे आधी त्याने ते चित्र गावाच्या संग्रहालयाला देऊन टाकले.

हे संग्रहालय ‘नोरा बेरियेत’ म्हणजे उत्तरेकडच्या टेकडीवर आहे. त्या काळात स्वीडनभर अशा संग्रहालयांची लाट होती. स्टॉकहोमला आर्थर हाझेलियस याने १८९१ साली ‘स्कान्सेन’ हे उघड्यावरचे संग्रहालय उभारले होते. गावोगावची जुनी लाकडी घरे उचलून आणायची, त्यांत चरखे, भांडी, अवजारे मांडायची आणि कारखान्यांच्या धुरात हरवत चाललेले ग्रामजीवन जपायचे, अशी ती कल्पना. सुंड्सवालकरांनीही आपल्या टेकडीवर तेच केले. त्या गंभीर, मातीशी इमान राखणाऱ्या वस्तूंच्या गर्दीत डालमार्कचे चित्र जाऊन बसले.

चार वर्षे ते तसेच राहिले. १९१६ साली ओर्नशेल्ड्सविक या शहरात प्रदर्शन भरले होते. तिथे संग्रहालयाच्या व्यवस्थापकाची गाठ रुडोल्फ ग्रानबर्गशी पडली. ग्रानबर्ग मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरून त्यांना जिवंत रूप देणारा कारागीर होता. बोलता बोलता चित्राचा विषय निघाला आणि व्यवस्थापकाने विचारले, हा प्राणी बनवता येईल का? ग्रानबर्गने तो १९१८ साली तयार करून दिला. पहिल्या महायुद्धाची ती वर्षे. स्वीडन तटस्थ असला तरी १९१७ साली तिथे अन्नासाठी लोक रस्त्यावर उतरले होते. अशा टंचाईच्या दिवसांत कोणीतरी मन लावून सशाला पंख शिवत होता, हे मला तरी मोठे विलक्षण वाटते.

काम सोपे मुळीच नव्हते. डोके, धड आणि पाय रानसशाचे घ्यायचे. पाठ, पंख आणि शेपूट कॅपरकेली या मोठ्या रानकोंबडीच्या मादीची. उत्तरेतल्या पाइनच्या जंगलांत हा पक्षी राहतो. नर चार किलोंच्या आसपास भरतो, काळाकभिन्न असतो. मादी जवळजवळ निम्म्या वजनाची आणि तपकिरी, अंगावर काळ्या-पांढऱ्या रेघोट्या. मादी निवडण्यात खरी अक्कल आहे. नराची काळी पिसे सशाच्या भुऱ्या अंगावर जोडली असती तर ठिगळ लांबूनच दिसले असते. मादीचा तपकिरी रंग सशाच्या उन्हाळी केसांत सहज मिसळतो. शिवाय पिसे एकावर एक कौलांसारखी बसतात, त्यामुळे खालची शिवण झाकून जाते. आकारही जुळतो: दोन-तीन किलोंचा ससा, दोनेक किलोंची कोंबडी. त्या काळी या धंद्यात कातडे सोलून त्याला आतून सोमलाचा साबण चोळत, म्हणजे कीड लागत नसे. मग तारेचा सांगाडा, त्यावर भुसा नाहीतर लाकडाचा कीस, शेवटी काचेचे डोळे. स्क्वादरकडे पाहताना नजर आधी त्या डोळ्यांवर जाते आणि पंखांवर नंतर. जनावर इतके निवांत बसले आहे की त्याला स्वतःबद्दल काही खटकत असेल असे वाटत नाही.

उत्तरेच्या अरण्यांबद्दल युरोपने थापा ऐकल्या नव्हत्या असे नाही. दोन हजार वर्षे त्याने दुसरे काही फारसे ऐकलेच नव्हते. ज्युलियस सीझरने गॉलच्या युद्धाचा वृत्तांत लिहिताना जर्मनीतल्या हर्सिनियन अरण्यातल्या एल्कची, म्हणजे सांबराच्या महाकाय जातभाईची, हकिकत दिली आहे. त्याच्या पायांना सांधेच नसतात, म्हणून तो झोपताना झाडाला टेकतो. शिकारी ते झाड आधीच अर्धवट कापून ठेवतात, एल्क टेकला की झाडासकट आडवा! पुढच्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने हीच कहाणी स्कँडिनेव्हियातल्या ‘अक्लिस’ नावाच्या प्राण्याला चिकटवली आणि वर भर घातली की त्याचा वरचा ओठ इतका लांब असतो की चरताना त्याला मागे मागे चालावे लागते. रोममध्ये बसून हे वाचणाऱ्याला खातरजमा करायला कोण पाठवणार होते?

१५५५ साली ओलाउस मॅग्नुस या स्वीडिश धर्मगुरूने उत्तरेकडच्या लोकांचा मोठा इतिहास लिहिला. त्यात तर एका खऱ्या प्राण्याचाच संकर करून टाकला आहे. वुल्व्हरीन हा अस्वलासारखा दिसणारा, पण पाणमांजरांच्या कुळातला शिकारी. ओलाउसच्या वर्णनात तो आकाराने कुत्रा, तोंडाने मांजर आणि शेपटीने कोल्हा होतो. तो मढे सापडले की पोट ढोलासारखे तट्ट फुगेपर्यंत खातो, मग दोन झाडांच्या फटीत अंग दाबून पोट रिकामे करतो आणि पुन्हा खायला परततो. या दृश्याचे लाकडी ठशाचे चित्रही पुस्तकात आहे. गंमत अशी की ओलाउस स्वतः उत्तरेचा माणूस, पण पुस्तक लिहिले ते धर्मसुधारणेच्या काळात देश सोडून रोममध्ये राहताना. दूरच्या वाचकांना दूरचेच काहीतरी हवे असते, हे त्याने ओळखले होते.

या सगळ्या गोंधळावर झाडू फिरवला तो स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने. योगायोग पाहा: १७३२ साली, वय पंचवीस असताना, तो लॅपलँडच्या मोहिमेवर निघाला तेव्हा बॉथनियाच्या आखाताच्या काठाने जाताना त्याची वाट मेडेलपाड प्रांतातून, म्हणजे सुंड्सवालच्याच मुलखातून गेली. तीन वर्षांनी, १७३५ साली, तो हॉलंडला जाताना हँबर्गमध्ये थांबला. तिथल्या महापौरांकडे सात डोक्यांचा हायड्रा, म्हणजे पुराणकथेतला सर्पराक्षस, जपून ठेवलेला होता. १६४८ साली प्राग लुटले गेले तेव्हा एका चर्चमधून तो आणलेला. आल्बर्टस सेबाच्या नामांकित प्राणिसंग्रहाच्या ग्रंथात त्याचे देखणे चित्रही छापून आले होते, आणि मालक तो भरभक्कम किमतीला विकायच्या तयारीत होते. लिनियसने तोंडे पाहिली, दात पाहिले, पाय पाहिले. जबडे आणि पंजे वीझल या छोट्या शिकारी प्राण्याचे होते, वर सापाची कातडी डकवलेली. त्याने ते जाहीर करून टाकले. हायड्राची किंमत कोसळली आणि मालकांचा राग ओढवेल म्हणून लिनियसने हँबर्गमधून काढता पाय घेतला.

त्याच वर्षी हॉलंडमध्ये त्याचे ‘सिस्टेमा नॅचुरी’ प्रसिद्ध झाले. पाने मोजकी, पण सगळ्या सृष्टीची वर्गवारी त्यात होती. त्यात ‘पॅराडॉक्सा’ नावाचे एक सदर होते: हायड्रा, फिनिक्स, एकशिंगी घोडा, झाडाला लागणारे कोकरू, ड्रॅगन वगैरे. हे प्राणी खोटे कसे आहेत किंवा कुठल्या खऱ्या प्राण्यावरून त्यांची कल्पना निघाली, हे सांगायला त्याने ते सदर ठेवले होते. पुढे १७४८ च्या आवृत्तीत ते गाळलेच. आता त्यांची गरज उरली नव्हती.

म्हणून स्क्वादरला जे शास्त्रीय नाव चिकटवले गेले ते वाचताना हसू आवरत नाही. ‘टेट्राओ लेपस स्यूडो-हायब्रिडस रॅरिसिमस एल.’ कॅपरकेलीची प्रजाती टेट्राओ, सशाची लेपस, मग ‘खोटा संकर, अत्यंत दुर्मिळ’ अशी प्रामाणिक कबुली, आणि शेवटी एल., म्हणजे लिनियस. ज्या माणसाने खोट्या प्राण्यांना ग्रंथातून हाकलले त्याचीच सही एका खोट्या प्राण्याखाली! हँबर्गचा हायड्रा लोकांना फसवून पैसे उकळायला ठेवला होता. स्क्वादरच्या नावातच त्याचा खोटेपणा लिहिलेला आहे. दोन्हीकडे कातडी, सुई आणि दोरा तोच, नियत वेगळी.

शास्त्रज्ञ मात्र या हायड्रांमुळे इतके सावध झाले की उलटीही चूक घडली. १७९९ साली ऑस्ट्रेलियातून आलेले प्लॅटिपसचे कातडे पाहून जॉर्ज शॉ या प्राणिशास्त्रज्ञाला शंका आली की कोणीतरी बदकाची चोच केसाळ अंगावर शिवली असावी. टाके होतेच कुठे? जनावर खरे होते.

आणि आता खरी मेख. सुंड्सवालच्या आसपासच्या जंगलात खरोखरच एक संकर राहतो, आणि त्यात कॅपरकेलीचेच रक्त आहे. कॅपरकेली आणि काळा ग्राउज हे दोन पक्षी एकाच मुलखात असतात. वसंतात पहाटे नर ठरलेल्या जागी जमतात आणि माद्यांसमोर नाचतात, गातात. कॅपरकेलीचा नर शेपटी पंख्यासारखी उभारून टकटक, मग बुच उडाल्यासारखा आवाज आणि शेवटी सुरी परजल्यासारखी घरघर असे त्याचे गाणे म्हणतो. त्या शेवटच्या घरघरीत त्याला काही क्षण काहीच ऐकू येत नाही, हे उत्तरेतल्या शिकाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. घरघर सुरू झाली की दोन-तीन पावले पुढे टाकायची, ती थांबली की पुतळा होऊन उभे राहायचे. पुन्हा घरघर, पुन्हा दोन पावले. असे करत करत माणूस बंदुकीच्या टप्प्यात येतो.

याच शिकारीने जिथे कॅपरकेलीचे नर संपत आले, तिथे माद्या काळ्या ग्राउजच्या नाचाच्या माळावर येऊ लागतात. त्यातून जे पिल्लू होते त्याला स्वीडनमध्ये ‘राकेलहाने’ म्हणतात. नर असेल तर तो बापापेक्षा मोठा, आईच्या जातीतल्या नरापेक्षा लहान. छातीवर जांभळट झाक, शेपटी धड पंख्यासारखी नाही, धड दुभंगलेली नाही. गाणे म्हणून जे काही येते ते डराव-डराव केल्यासारखे. हा बहाद्दर काळ्या ग्राउजच्या नाचात घुसून मारामाऱ्या करतो आणि सगळी मैफल उधळून लावतो. पूर्वीच्या अभ्यासकांनी त्याला स्वतंत्र जात समजून लॅटिन नावही दिले होते.

सशांतही हेच घडते. शिकारीसाठी एकोणिसाव्या शतकात दक्षिण स्वीडनमध्ये शेतातला युरोपीय ससा आणून सोडला, आणि तो मूळच्या रानसशाशी संकर करू लागला. म्हणजे डालमार्कच्या कथेतल्या दोन्ही बाजू, पक्ष्याची आणि सशाची, आपापल्या घरात संकर करतच होत्या. फक्त एकमेकींशी नाही. शिकाऱ्याला यातले काही ना काही ठाऊक असावे. त्याने खऱ्यावरच जरा जास्त हात मारला.

स्क्वादरचे जातभाई इतरत्रही आहेत, पण त्यांच्या कथा फार लांबवायला नकोत. बव्हेरियात ‘वोल्पर्टिंगर’ आहे. शिंगे, पंख, सुळे, जे हाती लागेल ते सशाला किंवा खारीला जोडलेले. म्युनिकच्या शिकार संग्रहालयात त्यांचे खास दालनच आहे. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये डग्लस हेरिक याने १९३० च्या दशकात सशाच्या डोक्याला हरणाची शिंगे बसवून ‘जॅकलोप’ विकायला काढला. पण शिंगांच्या सशामागे एक खरा आजार आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या प्राणिचित्रांत शिंगे फुटलेला ससा गंभीरपणे काढलेला सापडतो. १९३३ साली रिचर्ड शोप या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवले की एका विषाणूमुळे सशांच्या तोंडाभोवती कठीण, शिंगासारख्या गाठी उगवतात. सस्तन प्राण्यांत विषाणूमुळे गाठी होतात हे त्यातून स्पष्ट झाले आणि कर्करोगाच्या संशोधनाला नवी वाट मिळाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण असलेले विषाणू याच कुळातले. पंखांच्या सशामागे मात्र असा कुठलाही रोग नाही. तो निखळ थापेतूनच आलेला आहे.

मराठी माणसाला जोडजनावरे नवीन नाहीत. जंजिऱ्याच्या दरवाजावर शरभ आहे. पंजांत, तोंडात आणि शेपटीत हत्ती पकडलेला. पण त्याच्याकडे पाहून हसू येत नाही. तो दरारा बसवायला कोरलेला आहे. सत्तेला असे प्राणी लागतात, आणि ते सिंहापासून सुरू होतात. पेंगुळलेल्या सशाला पंख लावून कोणी शत्रूला घाबरवत नाही.

स्वीडिश बोलण्यात मात्र स्क्वादर चांगला रुळला. विसंगत गोष्टी एकत्र कोंबून केलेल्या कुठल्याही तडजोडीला तिथे स्क्वादर म्हणतात. उत्तरेतल्या विरळ वस्तीच्या मार्गांवर पुढे प्रवासी आणि मागे मालाचा ट्रक अशा जोडगाड्या धावत, त्यांनाही लोकांनी हेच नाव दिले. बर्फातल्या खेड्याला दोन उतारू आणि दहा खोकी एकाच फेरीत हवी असतील, तर स्क्वादरच उपयोगी पडतो.

१९८७ साली स्वीडनच्या प्रत्येक प्रांताला स्वतःचा एक प्राणी निवडायचा होता. मेडेलपाडच्या बऱ्याच लोकांनी बेधडक स्क्वादरला मत दिले. अस्तित्वातच नसलेल्या प्राण्याला प्रांताचे प्रतिनिधित्व द्यायचे म्हणजे जरा फारच झाले असते, म्हणून तडजोड निघाली आणि रानसशाची निवड झाली. स्क्वादरचे डोके, कान आणि चारही पाय असे मेडेलपाडचे मानचिन्ह झाले. पंख आणि शेपटी पराभूत झाली.